व्यायामाच्या वेळची ब्रा : लाजू नका, माप घ्या

उन्हाळ्यातली गोष्ट आहे. सकाळची दवाखान्याची वेळ संपत आली होती. एक आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. आई विड्या वळून संसाराला हातभार लावणारी, मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. खुर्चीवर बसता बसताच आई म्हणाली, ‘‘मॅडम, हिच्या छातीत दुखतंय. सकाळी पळून आली की छाती धरून बसते. हार्टचं तर काही नसेल ना?’’

मुलगी पोलीस भरतीची तयारी करीत होती. आपल्या संगमनेर तालुक्यात पहाटे कोणत्याही गावच्या रस्त्याला जा, भरतीसाठी धावणारी मुले-मुली दिसतील. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलींसाठी त्यात ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असे तीन प्रकार असतात. एकट्या ८०० मीटरला २० गुण. मागच्या भरतीत ही मुलगी नेमकी तिथेच कमी पडली होती, आणि आता तर धावणेच बंद पडायची वेळ आली होती.

मी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, छाती तपासली, कार्डिओग्राम काढला. सर्व व्यवस्थित. मग आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले आणि मुलीला विचारले, ‘‘पळताना आत काय घालतेस?’’

तिने मान खाली घातली. ‘‘नेहमीचीच ब्रा, मॅडम. वरून ओढणी आवळून बांधते. नाही तर फार हलतं. रस्त्यावरची पोरं हसतात.’’

तिने टी-शर्टाखाली जुन्या ओढणीचे तीन वेढे घेतलेले होते. वेढ्यांचे लाल वळ पाठीवर उमटलेले, काखेजवळ कातडी सोललेली, आणि दोन्ही स्तन हात लागताच दुखणारे. ब्रा कोणत्या मापाची, असे विचारले तर म्हणाली, ‘‘मम्मी आणते. दहावीत आणली होती तेच माप.’’

दुखण्याचे कारण हृदयात नव्हते. ते कपड्यांत होते.

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. वीसएक वर्षांपूर्वी अशीच एक शाळकरी मुलगी माझ्याकडे आली होती. खो-खो उत्तम खेळायची. धावताना छाती दुखते म्हणाली. मी वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि ‘‘काही दिवस खेळू नकोस’’ असे सांगून मोकळी झाले. पुढे ती कधीच मैदानावर गेली नाही, हे तिच्या आईकडून मला कळले. मी स्वतः बाई असूनही तिला तो एक प्रश्न विचारला नाही. आमच्या वैद्यकीय शिक्षणात स्तनांचे रोग शिकविले गेले. धावणाऱ्या मुलीच्या स्तनांना आधार लागतो, हे मात्र कोणी शिकविले नाही. म्हणून आजचा हा लेख.

वर्तमानपत्रात हा विषय पाहून काही वाचक नाक मुरडतील. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते, तालमीत जाणाऱ्या मुलाला वस्ताद पहिल्या दिवशी काय सांगतात? लंगोट कस. त्यात कोणाला लाज वाटत नाही. बाप स्वतः दुकानात जाऊन लंगोट आणतो. मग मैदानावर जाणाऱ्या मुलीनेच ओढणीचे वेढे घेऊन का धावावे?

विशेष म्हणजे पहिली स्पोर्ट्स ब्रा पुरुषांच्या अशाच आधारवस्त्रातून जन्मली. १९७७ साली अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात लिसा लिंडाल ही तरुणी धावण्याचा व्यायाम करीत असे आणि हाच त्रास सोसत असे. पुरुष खेळाडू वापरतात तसला ‘सपोर्टर’ बायकांसाठी का नसावा, असा विचार पुढे आला. तिच्याबरोबर पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या रंगभूमीसाठी वेशभूषा करणाऱ्या दोघी होत्या. त्यांनी पुरुषांचे दोन सपोर्टर आणून एकमेकांना शिवले आणि पहिला नमुना तयार केला. पुढे तीच ‘जॉगब्रा’ म्हणून बाजारात आली.

स्तनांना आधार का लागतो?

स्तनांमध्ये दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, दूधनलिका आणि चरबी असते. त्यात स्नायू नसतो. छातीचा मोठा स्नायू स्तनांच्या मागे असतो. त्यामुळे दंड-बैठका काढून स्तन स्वतःला सावरून धरतील, असे होत नाही. त्यांना जागेवर ठेवतात ती वरची कातडी आणि आतील तंतूंचे नाजूक धागे. अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाने १८४० साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना कूपरचे बंध म्हणतात.

आपण धावतो तेव्हा स्तन फक्त वर-खाली हलत नाहीत. डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागेही हलतात. इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठात यावर बरीच वर्षे संशोधन चालू आहे. धावताना स्तनांची हालचाल साधारण इंग्रजी आठच्या आकड्यासारखी होते, असे तेथे दिसून आले. आता ८०० मीटर धावताना सात-आठशे पावले तरी पडतात. प्रत्येक पावलाला हा हिसका बसतो. कातडी ताणली जाते, आतले बंध ओढले जातात, मग दुखणारच.

हे दुखणे केवळ मोठ्या स्तनांच्या स्त्रियांचे नाही. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमधील स्त्रियांची पाहणी झाली तेव्हा सुमारे एक तृतीयांश धावपटूंनी स्तन दुखत असल्याचे सांगितले. त्यात लहान चणीच्या स्त्रियाही होत्या. शाळकरी मुलींबद्दलची पाहणी तर प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी अशी आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील या अभ्यासात ११ ते १८ वर्षांच्या दोन हजारांहून अधिक मुली होत्या. जवळजवळ निम्म्या मुली म्हणाल्या, स्तनांमुळे आमच्या खेळण्यावर परिणाम होतो.

आपल्याकडे वेगळे काय आहे? सहावी-सातवीपर्यंत कबड्डी, खो-खो खेळणारी मुलगी नववीत गेली की मैदानाच्या कडेला बसू लागते. आपण म्हणतो, ‘मोठी झाली.’ ती मोठी झाली म्हणून तिचा खेळ संपायला नको. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारतीय मुलींनी तो जिंकला. त्या संघाची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. अशा मुली प्रत्येक शाळेत असतात; त्या मैदानावर टिकल्या पाहिजेत.

माप कसे घ्यावे?

आपल्या आज्या खणाची चोळी घालीत. ती अंगाबरहुकूम बेतलेली असे आणि पुढे गाठ मारून हवी तेवढी आवळता येई. आजही ब्लाऊज शिवायला टाकताना आपण शिंप्याला दहा सूचना देतो, कटोरी ब्लाऊज असेल तर मापाचे ब्लाऊज सोबत नेतो. ब्रा मात्र दुकानाच्या काउंटरवरून ‘चौतीस द्या’ म्हणून कागदात गुंडाळून आणतो. दुकानात माणसे असतात, घालून पाहायची सोय बहुधा नसते, लवकर बाहेर पडायची घाई असते. म्हणून माप घरीच घेऊन जावे. शिवणकामाची टेप असली की झाले. आरशासमोर उभे राहावे. अंगात पातळ, पॅड नसलेली ब्रा असावी.

पहिले माप स्तनांच्या बरोबर खाली, बरगड्यांवरून. टेप पुढे-मागे एका सरळ रेषेत असावी. श्वास सोडून टेप अंगाला नीट चिकटेल इतकी ओढावी. दुसरे माप स्तनांच्या सर्वांत भरदार भागावरून, टेप न आवळता. दोन्ही मापे इंचांत लिहून ठेवावीत.

पहिल्या मापावरून पट्ट्याचा आकडा ठरतो: ३०, ३२, ३४ वगैरे. दोन मापांतल्या फरकावरून कपाचे अक्षर ठरते: ए, बी, सी, डी. फरक वाढेल तसे अक्षर पुढे सरकते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही कंपन्या पहिल्या मापात चार-पाच इंच मिळवून आकडा देतात, काही मिळवीत नाहीत. त्यामुळे एका कंपनीची ३४ दुसऱ्या कंपनीच्या ३४ सारखी असेलच असे नाही. पाकिटावरचा मापाचा तक्ता पाहूनच घ्यावी. स्मॉल, मीडियम, लार्ज एवढेच लिहिले असेल तर तक्त्यात आपले इंच कोठे बसतात ते पाहावे.

पाळीपूर्वी चार-आठ दिवस स्तन थोडे भरतात, तेव्हा घेतलेले माप मोठे येऊ शकते. वयात येणाऱ्या मुलींचे माप दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावे. बाळंतपणानंतर आणि वजन बरेच वाढले वा उतरले तरीही घ्यावे. ‘दहावीत आणली तेच माप’ कॉलेजात चालत नाही.

कोणती निवडावी?

स्पोर्ट्स ब्रा मुख्यतः दोन तऱ्हेच्या असतात. पहिली डोक्यावरून बनियनसारखी घालायची. ती दोन्ही स्तन छातीशी सपाट दाबून धरते. लहान स्तनांना ती पुरते. दुसरीत प्रत्येक स्तनाला वेगळा कप असतो, मागे हूक असतात आणि खांद्याचे पट्टे लहान-मोठे करता येतात. भरदार अंगाच्या स्त्रियांना हीच घ्यावी. काहींमध्ये दोन्ही गुण एकत्र असतात. धावण्यासाठी त्या चांगल्या.

व्यायाम कोणता, हेही पाहावे. योगासने आणि संथ चालणे यांना हलका आधार पुरतो. झपझप चालणे, सायकल यांना मध्यम लागतो. धावणे, दोरीवरच्या उड्या, कबड्डी, खो-खो यांना भक्कम आधार हवा.

अंगात घातल्यावर पाच गोष्टी तपासाव्यात.

पहिली, खालचा पट्टा. खरा आधार खांद्यांचा नसतो, या पट्ट्याचा असतो. तो पुढे आणि मागे एकाच उंचीवर सरळ बसला पाहिजे. मागून वर चढत असेल तर सैल आहे. त्याखाली दोन बोटे जावीत, मूठ जाऊ नये. दुसरी, कप. स्तन वरून किंवा काखेतून बाहेर डोकावत असतील तर कप लहान. कापडाला सुरकुत्या पडत असतील तर मोठा. तिसरी, खांद्याचे पट्टे. ते रुंद असावेत, रुतू नयेत, घसरू नयेत. चौथी, शिवण. काखेजवळ आणि पट्ट्याखाली बोट फिरवून पाहावे. टोचणारी शिवण धावताना कातडी सोलते. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची परीक्षा हालचालीची. दोन्ही हात वर करावेत. खोल श्वास घ्यावा. जागच्या जागी दहा-बारा उड्या माराव्यात. पट्टा जागचा हलला, अंग बाहेर आले किंवा श्वास अडखळला, तर ती ब्रा आपली नव्हे.

आकड्यातही थोडी तडजोड करता येते. ३४ चा पट्टा सैल होतो म्हणून ३२ चा घेतला, तर कपाचे अक्षर एकाने पुढचे घ्यावे. नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर नीट बसणारी असावी. इलॅस्टिक सैल होत जाईल तसे आतले हूक कामी येतात.

घट्ट म्हणजे चांगली, हा समज मनातून काढून टाकावा. धावताना बरगड्या फुलल्या पाहिजेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका लहानशा अभ्यासात सराईत स्त्री धावपटूंच्या ब्राचा पट्टा सैल केल्यावर श्वासासाठी पडणारे श्रम कमी झाल्याचे दिसले. मग ओढणीचे तीन वेढे आवळून ८०० मीटर धावणाऱ्या मुलीचा दम का तुटणार नाही? ओढणी, क्रेप बँडेज, चिकटपट्टी यांनी छाती बांधणे आजपासून बंद करावे.

पैशांचा प्रश्न खरा आहे. परंतु महागडी म्हणजे चांगली असे नाही. मापाची स्वस्त ब्रा बेमापाच्या महाग ब्रापेक्षा सरस असते. अगदीच जमत नसेल तोपर्यंत मापाची साधी ब्रा आणि तिच्यावर अंगाबरोबर बसणारी डोक्यावरून घालायची ब्रा, अशा दोन घालाव्यात. घरपोच मागविताना माप चुकले तर परत घेतात का, ते आधी पाहावे. पालकांनी बूट घेताना जसा विचार केला, तसाच येथेही करावा.

घाम, खाज आणि दोरीवरची साडी

रोजच्या वापराला सुती कापड उत्तम. पण धावताना सुती कापड घाम पिते आणि ओलेच राहते. ओले कापड घासून कातडी सोलते. घाम शोषून लवकर वाळणारे कापड व्यायामाला बरे. लांब पल्ल्याला निघताना पट्ट्याखाली थोडे व्हॅसलीन लावावे. व्यायाम आटोपला की ब्रा लगेच बदलावी, अंग धुऊन स्तनांखालची घडी कोरडी पुसावी.

आपल्याकडे आणखी एक खोड आहे. ब्रा दोरीवर कोणाला दिसू नये म्हणून साडीखाली किंवा टॉवेलखाली वाळत घालतात, नाही तर न्हाणीघरातच टांगतात. ती धड वाळत नाही. तीच दमट ब्रा सकाळी अंगात घातली जाते आणि स्तनांखाली नायटा उठतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी भगिनींच्या नायट्याचे मूळ या लाजेत आहे. मग मेडिकलमधून कोणते तरी मलम आणले जाते. त्यात स्टिरॉइड मिसळलेले असेल तर खाज चार दिवस थांबते, पण नायटा पसरतो आणि कातडी पातळ होते. डॉक्टरांना दाखविल्याशिवाय असे मलम लावू नये. ब्रा मोकळ्या वाऱ्यावर वाळत घालावी. ते कापड आहे, त्यात लपविण्यासारखे काही नाही.

रोज धावणाऱ्या मुलीकडे किमान दोन असाव्यात. साध्या पाण्यात, सौम्य साबणाने धुवाव्यात. पिळू नयेत, गरम पाण्यात टाकू नयेत, इलॅस्टिक मरते. सर्वांत आतल्या हुकावरही पट्टा सैल वाटू लागला की तिचे काम संपले.

काही गैरसमज

ब्रा घातल्याने स्तनांचा कॅन्सर होतो का, असे अनेक जणी दबक्या आवाजात विचारतात. नाही. २०१४ साली अमेरिकेत सिएटल येथे झालेल्या अभ्यासात ब्राच्या वापराचा आणि कॅन्सरचा काहीही संबंध आढळला नाही. धावल्यामुळे किंवा बाळाला अंगावर पाजल्यामुळे स्तन कायमचे ओघळतात, असेही सिद्ध झालेले नाही. वाढते वय, गरोदरपणे आणि वजनातील चढउतार ही त्याची मुख्य कारणे आहेत. तेव्हा या भीतीने ना धावणे सोडावे, ना पाजणे.

अंगावर पाजणाऱ्या मातांनी व्यायामाला जाण्यापूर्वी बाळाला पाजावे, म्हणजे स्तन हलके होतात. परतल्यावर घट्ट ब्रा काढावी. ती तासन्‌तास अंगात राहिली तर दूध साठून गाठ होते, ताप येतो.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

चांगली ब्रा घालूनही एकाच स्तनात एकाच जागी सतत दुखणे, हाताला गाठ लागणे, बोंडातून रक्त किंवा पाणी येणे, बोंड आत ओढले जाणे, कातडीला खळी पडणे, लाली व सूज येणे, यांपैकी काहीही आढळले तर वाट पाहू नये. तसेच धावताना छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे वाटणे, धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे ब्राच्या माथी मारू नयेत. त्यांची तपासणी झालीच पाहिजे. त्या मुलीचाही कार्डिओग्राम मी आधी काढला, प्रश्न नंतर विचारला.

त्या दिवशी मी तिच्या आईला आत बोलावले आणि टेप काढली. मुलीला तिच्या मापापेक्षा पट्ट्यात दोन आकडे लहान ब्रा आणली जात होती. माप कागदावर लिहून दिले, औषध म्हणून काखेला लावायचे साधे मलम तेवढे दिले. आई तो कागद बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘‘मॅडम, माझंही माप घेता का? आजपर्यंत कोणी घेतलंच नाही.’’

तिच्या दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांच्या खोल खाचा पडलेल्या होत्या. दिवसभर सुपावर मान वाकवून विड्या वळायच्या, आणि खांदेदुखीसाठी वर्षानुवर्षे गोळ्या खायच्या. मी तिचेही माप घेतले.

तीन आठवड्यांनी मुलगी एकटीच आली. वळ गेले होते, कातडी भरून आली होती. ‘‘आता ओढणी नाही बांधत, मॅडम,’’ म्हणाली. ‘‘आठशेचे दोन राऊंड न थांबता होतात.’’ भरतीत काय होते, ते आता तिच्या पायांवर आहे.

मुलगी खेळते, धावते, भरतीची तयारी करते अशा प्रत्येक घरातील आईला माझे सांगणे आहे. आज संध्याकाळी शिवणाच्या डब्यातून टेप काढा. आधी मुलीचे माप घ्या, मग तिच्या हाती टेप देऊन स्वतःचे घ्या.